हार्टनं गेला असं सांगायचं

११ मार्च, मंगळवार

ही वही मला गटातल्या बाईंनी दिली होती. मुलं गेलेल्या आईबापांचा गट, चर्चच्या तळघरात बसायचा. मनात येईल ते लिहीत जा, म्हणाल्या. मी दोनदाच गेले. तिथल्या सगळ्यांची मुलं नशेच्या सुईनं नाहीतर नशेच्या गोळ्यांनी गेलेली. माझा मुलगा चेमो हार्टनं गेला, मग मी त्यांच्यात बसून काय करू? उठून आले. वही परत केली नाही. कोरी होती आणि चांगली जाड होती.

आज ती बाहेर काढली, कारण घरात बोलायची सोय राहिलेली नाही.

सुरुवात चांगली झाली होती. माझ्या मुलीला, मार्सेलाला डोंगरावर नोकरी लागली. तिथल्या सरकारच्या गुप्त कामांच्या प्रयोगशाळेत वेल्डर, बारीक पाइप जोडायचं काम. माझ्या बापानं त्याच डोंगरावर आयुष्यभर फरशा पुसल्या, आणि त्याच्या नातीला तिथं स्वतःची हत्यारं, स्वतःचं कपाट आणि दवाखान्याचा विमा मिळणार. टोबियासनं फ्रीझरमधलं हरणाचं मांस काढलं. बिशप घरी आला तरी माझा नवरा ते काढत नाही.

जेवताना मार्सेला म्हणाली, नोकरी अजून पक्की नाही. आधी सरकारचा सुरक्षा परवाना मिळायला हवा. त्यासाठी लांबलचक फॉर्म आहे, मग चौकशी करणारा माणूस शेजारीपाजारी फिरणार. फॉर्ममध्ये विचारलंय, गेल्या सात वर्षांत नशा केली का, कसली आणि किती.

"मी सगळं लिहिणार आहे," असं म्हणून तिनं मिरचीचा रस्सा वाढून घेतला.

सगळं म्हणजे काय सगळं, मी विचारलं.

"आई, तुला माहीत आहे."

मला काय माहीत आहे? मुलगी दोनेक वर्षं वाईट संगतीत होती. मग दक्षिणेला एका केंद्रात राहून आली, बरी झाली, वेल्डिंग शिकली. तेव्हापासून बिअरलासुद्धा हात लावलेला नाही. एवढं मला माहीत आहे. पण संपलं ते संपलं. सांडलेलं पुसून झाल्यावर फरशीला कोणी विचारत नाही, काय सांडलं होतं म्हणून.

चेमो गेल्यापासून टोबियास फारसं बोलतच नाही. मांस चावत राहिला.

१४ मार्च, शुक्रवार

शाळेच्या फेऱ्या संपवून, माझी बस उभी करून त्रिनीकडे गेले. त्रिनी म्हणजे मार्सेलाची बाप्तिस्म्याच्या वेळची धर्ममाता. आमच्यापासून तिसरं घर. कोणाच्या घरात काय शिजतंय हे त्या घराच्या आधी तिला कळतं. तिचा नवरा फ्रँक वीसेक वर्षं डोंगरावर पहारेकरी होता.

ती हसायलाच लागली. म्हणाली, फ्रँकनं तरुणपणी काय काय ओढलं ते लिहिलं असतं तर कागद पेटला असता. त्यानं सगळीकडे 'नाही' वर खूण केली आणि आज पेन्शन खातोय. "अगं फिडेलिया, खरं लिहिणाऱ्यांनाच आत घ्यायचं ठरवलं तर त्या डोंगरावर फक्त हरणं उरतील."

मी हे घरी येऊन मार्सेलाला ऐकवलं. तिला हसू आलं नाही. फ्रँककाकाचा काळ वेगळा होता, म्हणाली. आता जुन्या घरमालकाला विचारतात, मैत्रिणींना विचारतात, केंद्रात राहिल्याची नोंद तर आहेच. पूर्वी नशा केली आणि मग सोडली, हे त्यांना चालू शकतं. खोटं लिहिलेलं चालत नाही. शिवाय तो गुन्हा आहे, त्यासाठी तुरुंग आहे.

चालू शकतं म्हणजे चालेलच असं नाही ना, मी म्हटलं.

"नाही. नाकारतीलही," ती म्हणाली. "पण त्यांना भीती नशेची नसते, आई. लपवणाऱ्याची असते. ज्याला काही लपवायचं असतं त्याला कोणीही वाकवू शकतं."

बोलताना माझ्याकडे बघत होती. मला तो टोमणा वाटला, पण कसला ते कळलं नाही. मी काय लपवतेय?

२३ मार्च, रविवार

आज भांडण झालं. प्रार्थनेहून आल्या आल्या, अंगावरचे चांगले कपडेसुद्धा न बदलता.

मी तिला शांतपणे सांगत होते की तुझं तू लिही, घाल पाण्यात तुझं नशीब, पण स्वतःपुरतं लिही. ती म्हणाली, स्वतःपुरतं असं काही नसतं. फॉर्म झाला की तो माणूस समोर बसून विचारणार, माल कुठून आणायचीस, कोणाबरोबर घ्यायचीस. "चेमोबरोबर. दुसरं काय सांगू?"

मी टेबलावर हात आपटला. मेलेल्या भावाचं नाव सरकारी कागदावर घालणार? तिला पुन्हा सगळं सांगितलं, जसं सगळ्यांना सांगत आलेय. चेमो छपराचं काम करताना पडला, पाठ मोडली, डॉक्टरनं गोळ्या दिल्या, त्या गोळ्यांनी हृदय कमजोर झालं, आणि जानेवारीच्या थंडीत पाण्याच्या पाटाजवळ गाडीत बसलेला असताना ते थांबलं. हे मी पाद्रीबाबांना सांगितलं, पेपरात छापून दिलं, बसमधल्या पोरांच्या आयांना सांगितलं. ते खरंच आहे.

"सगळ्यांचं शेवटी हृदयच थांबतं, आई," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "त्याचे हात किती गार होते."

शवपेटीतल्या माणसाचे हात गारच असतात, मी म्हटलं. म्हणून तर मी त्याला लोकरीचा स्वेटर घालून पाठवला. ती उठून भांडी घासायला गेली, आणि नळ सोडून नुसती उभी राहिली.

या मुलीचं मला काही कळत नाही. चेमो गेल्यापासून पाटाच्या रस्त्यानं जायचं नाव काढत नाही, पूल ओलांडून लांबून येते. विचारलं तर म्हणते, त्या रस्त्यानं गाडीचे स्प्रिंग जातात. मी रोज त्याच रस्त्यानं पोरांनी भरलेली बस नेते. माझे जात नाहीत का?

चेमो गेला त्या संध्याकाळी कोणीतरी मदतीसाठी फोन केला होता. पोलीस म्हणाले, बाईचा आवाज होता, नाव न सांगता ठेवून दिला. उशीर झालेला होता, पण तिनं केला तर खरा. दर जानेवारीत मी चेमोसाठी एक मेणबत्ती लावते आणि एक त्या बाईसाठी. परक्या बाईला माझ्या मुलाची दया आली, आणि सख्ख्या बहिणीला त्याचं नाव झाकता येत नाही.

२ एप्रिल, बुधवार

फॉर्म पाठवला तिनं. मला दाखवला नाही, मी मागितला नाही.

२९ मे, गुरुवार

शाळेला सुट्टी लागली. बस धुतली. सीटांखालून च्युइंगगम खरवडताना ठरवलं, हात बांधून बसायचं नाही. माझी मुलगी हट्टी आहे, पण तिला हट्ट माझ्याकडूनच आलाय, आणि माझ्याकडे जास्त आहे.

त्रिनीला जाऊन सांगितलं की चौकशीवाला आला तर काय बोलायचं. समोरच्या दोन घरांतही सांगितलं. सगळे हो म्हणाले. आपल्या पोरीला वर चढू द्यायचं नाही, असं म्हणणारं इथं कोणी नाही.

१० जून, मंगळवार

तो आला. आधी त्रिनीकडे गेला. ती संध्याकाळी माझ्याकडे आली तेव्हा लग्नाहून आल्यासारखी खुलली होती. तिनं त्याला सांगितलं म्हणे, मार्सेला डोकं दुखलं तरी गोळी घेत नाही, आणि लहानपणी तिला नन व्हायचं होतं.

नन?

"मला तेवढंच सुचलं," त्रिनी म्हणाली.

११ जून, बुधवार

त्रिनीनं मार्सेलालाही फोन करून ही बढाई मारली. मार्सेला कामावरून, फाटकं जोडायच्या दुकानातून थेट इकडे आली. हातावर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे डाग तसेच. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती ओरडली नाही.

म्हणाली, ती त्या माणसासमोर अख्खी दुपार बसून आली होती. कधी सुरू केलं, किती घ्यायची, पैसे कुठून यायचे, कोण बरोबर होतं, कधी थांबली, सगळं सांगितलं. एकदा तर बाहेर जाऊन ओकून आली आणि पुन्हा बसली. "आणि आता माझी धर्ममाता त्याला सांगते की मी नन होणार होते. म्हणजे आमच्यातली एक खोटारडी. आणि परवाना त्रिनीमावशी मागत नाहीये, मी मागतेय."

मी म्हटलं, आम्ही तुझ्या भल्यासाठी केलं.

"शुक्रवारी तो तुझ्याकडे येणार आहे," ती म्हणाली. "काय सांगायचं ते तू ठरव. पण माझ्यासाठी म्हणून खोटं बोलू नकोस, आई. बोललीस तर स्वतःसाठी बोल."

हे वाक्य मला अजिबात आवडलेलं नाही. म्हणून इथं लिहून ठेवतेय.

१२ जून, गुरुवार

टोबियास मिरचीच्या वाफ्यात पाणी सोडत होता. मी बांधावर उभी राहून त्याला सांगत होते, उद्या मी काय सांगणार ते. आमच्या घरात असलं काही कधी नव्हतं, मुलगी थोडी बहकली होती, सिगारेट वगैरे, बस. त्यानं फावडं टेकवलं.

"चेमोला ओळखायला शवागारात मी गेलो होतो, फिडेलिया. तू नव्हतीस. बाहीखाली काय होतं ते मी बघितलंय. एवढी वर्षं मी हार्ट म्हणत आलो, तुझ्यासाठी. आता मला जमत नाही."

मी म्हटलं, मग म्हणू नकोस. तो पुन्हा पाण्याकडे वळला. मी घरात आले आणि दुपारभर ओट्याखालची कपाटं आवरली. एकही भांडं जागेवर बसत नव्हतं. पाच वर्षं हा माणूस माझ्या शेजारी झोपतोय.

१३ जून, शुक्रवार

चौकशीवाल्याचं नाव हॉलब्रुक. साठीला आलेला, गुडघे दुखणारा, खुर्चीत बसताना हात टेकून बसणारा. अल्बुकर्कीहून गाडी चालवत आला होता. मी मुद्दाम कॉफी विचारली नाही.

आधी साधे प्रश्न. मुलीला किती वर्षं ओळखता? जन्माच्या आधीपासून. दारू पिते का? नाही. जुगार? नाही, त्यासाठी आळशी असावं लागतं, ती नाही. परदेशात कोणी ओळखीचं? मी विचारलं, शेजारचं टेक्सास परदेशात धरायचं का. तो हसला नाही, पण पेन जरा हललं.

मग त्यानं विचारलं, "तिनं कधी बेकायदा नशा केल्याचं तुम्हाला माहीत आहे का?"

'नाही' तोंडात तयार होतं. घोटून ठेवलेलं होतं. तो माणूस वाट बघत बसला होता, सभ्यपणे, मान थोडी कलती करून, आणि मला एकदम दिसलं की याला उत्तर माहीत आहे. काल कळलं, माझ्या नवऱ्यालाही माहीत होतं. खालच्या दुकानात, चर्चमध्ये, बसच्या थांब्यावर मी हार्ट म्हटलं की जे माझ्याकडे असंच मान कलती करून बघायचे, त्या सगळ्यांना माहीत होतं. एवढी वर्षं सगळे माझ्याशी सभ्यपणे वागत होते.

मला भयंकर संताप आला.

"हो," मी म्हटलं. "गोळ्या आणि नंतर हेरॉईन. दोन वर्षं. तिच्या भावाबरोबर. लिहा. आणि पुढंही लिहा. माझा मुलगा हेरॉईननं गेला."

हे मी जन्मात पहिल्यांदा बोलले, आणि ज्याला कॉफीसुद्धा विचारली नव्हती अशा माणसासमोर.

मग मला थांबता येईना. सांगितलं, चेमोनं खोऱ्यातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची छपरं फुकट शाकारून दिली, तेही लिहा. तो दारू प्यायलेल्या माणसाला घरी सोडायला चालत जायचा. तुमच्या सरकारनं मान्यता दिलेल्या डॉक्टरनं त्याला त्या गोळ्या दिल्या, मूठभर, आणि एक दिवस बंद केल्या. आणि माझी मुलगी त्यातून निघाली. तिला कोणी खेचून काढलं नाही, ती स्वतः निघाली, आणि तुमच्या कागदावर स्वतःच्या हातानं लिहून मोकळी झाली, जे या खोऱ्यात कोणी लिहीत नाही. ही मुलगी तुम्हाला वर नको असेल तर तुम्हाला कोण हवंय?

हॉलब्रुक म्हणाला, तो फक्त अर्जदाराबद्दल लिहू शकतो.

"मग पेन ठेवा आणि नुसतं ऐका," मी म्हटलं. त्यानं खरंच पेन ठेवलं.

बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, मुलगा गेला तेव्हा त्याच्याजवळ कोणी होतं का, तुम्हाला काही माहीत आहे? मी म्हटलं, कोणी नव्हतं. एकटा होता माझा चेमो. रस्त्यानं जाणाऱ्या कोणा बाईनं बघून फोन केला, एवढंच.

तो माझ्याकडे बघत राहिला. काही म्हणणार होता, म्हणाला नाही. लिहिलंही नाही. कागद आवरले आणि टोपी हातात घेऊन म्हणाला, "आभारी आहे, मिसेस किन्ताना."

त्याला माझी कीव आली असावी. मला कोणाची कीव नको. पण तेव्हा मी त्याला कॉफी दिली, आणि त्यानं उभ्याउभ्या सगळी प्यायली.

१४ जून, शनिवार

मार्सेला आली. मी तिला जसंच्या तसं सांगितलं. तिनं टेबलावर डोकं ठेवलं आणि रडली, आणि मध्येच टेक्सासचं आठवून हसली. मीही हसले. मग मी म्हटलं, शेवटी त्यानं एक चमत्कारिक प्रश्न विचारला, चेमोजवळ कोणी होतं का म्हणून. मी सांगितलं, एकटा होता.

तिचं हसू गेलं.

"मी होते, आई," ती म्हणाली. "फोन मीच केला."

आता लिहिते तसं ती बोलली नाही, तुकड्या-तुकड्यांनी बोलली. दोघं गाडीत होती. दोघांनी घेतलं. त्याला थंडी वाजायला लागली, गाडीचा हीटर बंद पडलेला होता, तिनं आपलं जाकीट त्याच्यावर टाकलं आणि त्याचे हात चोळत बसली. मग त्याचे ओठ निळे पडले. तिनं फोन केला, त्याच्या तोंडात श्वास भरला, जमेल तसा, तिला नीट येत नव्हतं. वळणावर गाडीचे दिवे दिसले तेव्हा घाबरून जाकीट ओढून घेतलं आणि शेतातून पळाली. तिच्याही खिशात माल होता. पुढच्या आठवड्यात ती केंद्रात गेली.

"फॉर्मवर हे लिहिलं. त्या माणसाला सांगितलं. तुला सांगता येत नव्हतं. तू इतकी नीट गोष्ट रचली होतीस, आई. तिच्यात मला उभं राहायला जागाच नव्हती."

मी काय करायला हवं होतं? थोबाडीत मारायला हवी होती की जवळ घ्यायला? काहीच केलं नाही. विचारलं, काही बोलला का तो. म्हणाली, हीटर लाव म्हणाला, दोनदा. मग मी विचारलं, तू कधीपर्यंत होतीस तिथं.

"दिवे दिसेपर्यंत."

"म्हणजे थांबलीस तू," मी म्हटलं.

टोबियास दारात उभा होता. कधीचा, कोण जाणे.

१५ जून, रविवार

आज राग आला. पळाली म्हणून, जाकीट ओढून नेलं म्हणून, सांगितलं नाही म्हणून. माझ्या बहिणीला असा राग आला असता तर मी तिला म्हटलं असतं, ओसरेल. ओसरेलही. आज आहे.

१९ ऑगस्ट, मंगळवार

शाळा सुरू. मार्सेलाला पत्र आलं. परवान्याबद्दल शंका आहेत, नशा कळावी म्हणून केसांची तपासणी होईल, मनाच्या डॉक्टरकडे जावं लागेल, आणि भाऊ गेला त्या दिवसाबद्दल लेखी खुलासा द्यायचा आहे. फाटकं आणि कुंपणं जोडायच्या दुकानातली तिची नोकरी चालू आहे, पण मालक विचारतो, वर जाणार आहेस की नाही ते एकदा सांग.

त्रिनी म्हणाली, बघ, मी सांगत होते. एका 'नाही'चं काम होतं, ती पोरगी एव्हाना वर कपाट लावून बसली असती.

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं, जरा वेळ. घरी येऊन मार्सेलाला विचारलं, पस्तावतेस का. म्हणाली, झोप लागते मला, आई. पूर्वी गोळी घेऊनही लागत नव्हती.

९ ऑक्टोबर, गुरुवार

मनाच्या डॉक्टरनं तिला विचारलं, तुला लाज वाटते का. ती म्हणाली, केलं त्याचं दुःख आहे, पळाले त्याची लाज आहे, सांगितल्याची नाही. डॉक्टर बराच वेळ टाइप करत राहिला. चांगलं की वाईट, तिला कळलं नाही.

मी आज चर्चच्या तळघरात गेले. त्याच खुर्च्या, कॉफी तशीच पांचट. माझी पाळी आली तेव्हा नाव सांगितलं आणि मुलगा कशानं गेला ते सांगितलं. कोणी चमकलं नाही. शेजारच्या माणसानं बिस्किटांची बशी सरकवली.

१४ जानेवारी, बुधवार

पुढच्या मंगळवारी चेमोला जाऊन सहा वर्षं होतील. दरवर्षी पेपरात त्याच्या आठवणीचे चार शब्द देतो. 'आम्हाला अचानक सोडून गेलेला.' यंदा मी मजकूर बदलला आणि मार्सेलाला दाखवला. तिनं त्यात एक वाक्य स्वतः घातलं.

त्रिनीला कुठून कळलं देव जाणे. धावत आली. निकाल लागायचा आहे, डोंगरावरचे लोकही तोच पेपर वाचतात, पोरीच्या पायावर धोंडा घालतेस का.

मी म्हटलं, "डोंगरावरच्यांना जूनपासून सगळं माहीत आहे, त्रिनी. माहीत नसल्याचं सोंग फक्त आपण करतोय."

ती निघून गेली. दार आपटलं.

पेपरच्या कचेरीतली मुलगी मजकूर वाचून थांबली. म्हणाली, हा शब्द नक्की ठेवायचा का, लोक सहसा लिहीत नाहीत, 'अचानक' लिहितात. मी म्हटलं, शब्दांचे पैसे घेता ना? मग एकही गाळू नका.

२० जानेवारी, मंगळवार

छापून आलं.

'आन्सेल्मो किन्ताना, आमचा चेमो, वय एकतीस. छपरं बांधायचा. हेरॉईननं गेला. त्याची बहीण त्याच्याजवळ होती. आई, बाबा, मार्सेला.'

सकाळच्या फेरीत आया माझ्याशी बोलल्या नाहीत. एकीनं मुलाला बसमध्ये चढवताना माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच आज नशा करून आलेय. मी म्हटलं, गुड मॉर्निंग, पुढं सरक बाळा, आणि दार बंद केलं. बघू देत. गाडी मी त्यांच्यापेक्षा बरी चालवते.

शेवटच्या थांब्यावर म्हातारा ओनेसिमो नातीला घेऊन उभा असतो. आज ती आत जाऊन बसली तरी तो पायरीवरून हलला नाही. टोपी काढली आणि म्हणाला, "माझी लूर्देस. हिची आई. आम्ही न्यूमोनिया सांगतो."

मी म्हटलं, माहीत आहे, ओनेसिमो. मला खरंच माहीत होतं, सगळ्यांनाच होतं. त्यानं मान हलवली आणि उतरला. पुढं पाटाच्या रस्त्यावर मला बस जरा बाजूला घेऊन थांबवावी लागली. मागून पोरं विचारत होती काय झालं. सांगितलं, डोळ्यात काहीतरी गेलंय.

१ फेब्रुवारी, रविवार

प्रार्थनेला त्रिनी तीन बाकं पुढं बसली, दोन आठवडे झाले. बसू दे. तिची मला आठवण येते हे तिला सांगायची मला घाई नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

परवाना मिळाला. मार्सेला दुकानातून फोन करत होती, मागं ग्राइंडरचा आवाज. तीनदा सांगायला लागलं तेव्हा मला ऐकू आलं. टोबियासला वाफ्यात जाऊन सांगितलं. तो खाली बसला, तिथंच मातीत, आणि म्हणाला, "दिला त्यांनी?" दिला, मी म्हटलं. मग मीही त्याच्या शेजारी बसले. उठताना दोघांनाही एकमेकांच्या हाताचा आधार लागला.

१० मार्च, मंगळवार

काल मार्सेला पहिल्यांदा वर गेली. गळ्यात तिच्या फोटोचा बिल्ला. फोटोत चोरट्यासारखी दिसते. मी तसं म्हटलं, ती म्हणाली, तिथं सगळेच तसे दिसतात.

आज पोस्टात रांगेत होते. पुढं दोघं उभे, दोघांचीही पोरं डोंगरावर अर्ज करून बसलेली. अभिनंदन वगैरे झालं. मग एकानं जवळ सरकून विचारलं, वर कोण ओळखीचं होतं?

मी म्हटलं, कोणी नाही. तिनं सगळं खरं सांगितलं. मीही सांगितलं.

दोघं हसले. त्यांना वाटलं, मी वरच्या ओळखीच्या माणसाचं नाव लपवतेय.